बारा वाजायच्या आधी

वाळवंटातली शर्यत म्हटली की ऊन आठवतं. तापलेली वाळू, कोरडा घसा, संपत आलेली पाण्याची बाटली. 22 मे 2021 रोजी चीनच्या गान्सू प्रांतात, तेंगर वाळवंटाच्या दक्षिण कडेला, 100 किलोमीटरची डोंगरी शर्यत झाली. 172 जण धावायला उतरले. त्यांतले 21 जण गेले, आणि गेले ते गारठून. आघाडीच्या सहा जणांपैकी एकच वाचला.

आमच्या महाळुंगे पडवळच्या बाजूला हल्ली पहाटे रस्त्यानं धावणारी पोरं दिसतात. काही पोलीस भरतीसाठी, काही नुसती हौसेनं. हौशी मंडळी पुढे सिंहगड-राजगड-तोरण्याच्या गडवाटेवरच्या शर्यतीला नाव नोंदवतात आणि मग लडाखची, कच्छच्या रणाची स्वप्नं बघतात. त्यांच्यासाठी गान्सूचा हा दिवस तासातासानं मांडावासा वाटला. चौकशीचे निष्कर्ष आणि वाचलेल्यांच्या हकिकती शेजारी शेजारी ठेवल्या की एक गोष्ट स्पष्ट होते. वादळ दुपारी बाराच्या सुमाराला आलं. तोवर धावपटूंच्या हातातले बहुतेक पर्याय काढून घेतले गेले होते, आणि ते काही निसर्गानं काढून घेतले नव्हते.

शर्यतीच्या आधी, नकाशावर

बाइयिन शहराच्या हद्दीतला जिंगताई हा कोरडा तालुका. पिवळ्या नदीच्या काठी वाऱ्यापाण्यानं कोरलेले उंच दगडी सुळके ही तिथली प्रेक्षणीय जागा. तिचं नाव व्हावं, पर्यटक यावेत म्हणून ही शर्यत. 2021 हे तिचं चौथं वर्ष. आयोजक म्हणून फलकावर सरकारी खाती, आणि प्रत्यक्ष राबणारी एक स्थानिक खासगी कंपनी. महोत्सव भरवण्याची ही पद्धत आपल्यालाही अनोळखी नाही.

कागदावर वाट अशी होती : वीस तासांत 100 किलोमीटर, एकूण चढ सुमारे 3000 मीटर. दुसरा चेकपॉइंट 24 किलोमीटरवर. तिथून तिसऱ्यापर्यंत आठ किलोमीटर, आणि त्या आठ किलोमीटरांत 1000 मीटरचा चढ. मध्ये दम खायला उतार नाही. दगड आणि वाळू यांची भेसळ असलेली उघडी धार, झाड नाही, कपार नाही. सिंहगड पायथ्यापासून चढलात आणि माथ्यावर पोचल्यावर पुन्हा निम्मा चढलात, तर साधारण तेवढा चढ होईल.

या टप्प्यावर गाडी जात नव्हती, मोटारसायकलही जात नव्हती. म्हणून तिसऱ्या चेकपॉइंटवर खायला काही नव्हतं, गरम पाणी नव्हतं, आडोसा नव्हता. तिथं फक्त नोंद व्हायची. दमून पोचलेल्याला तिथून खाली उतरवायची सोयही नव्हती. पुढच्या, म्हणजे चौथ्या चेकपॉइंटपर्यंत त्यानं आपल्या पायांनी जायचं. थोडक्यात, शर्यतीतला सगळ्यात अवघड तुकडा आणि मदतीपासून सगळ्यात लांबचा तुकडा एकच होता.

शुक्रवार, 21 मे, संध्याकाळ

शर्यत सुरू व्हायला पंधरा-सोळा तास. धावपटू जमले आहेत, छातीवर लावायचे क्रमांक वाटले जात आहेत, जुने ओळखीचे एकमेकांना भेटत आहेत. लियांग जिंग आला आहे. वय 31, लांब पल्ल्याच्या डोंगरी शर्यतींत चीनमधलं अव्वल नाव. हुआंग ग्वानजुन आला आहे. त्याला ऐकू येत नाही, बोलता येत नाही. 2019 च्या राष्ट्रीय दिव्यांग स्पर्धेत कर्णबधिर गटातली मॅरेथॉन त्यानं जिंकलेली. पहिल्या क्रमांकाला 15 हजार युआन, आणि वेळेत शर्यत पुरी करणाऱ्या प्रत्येकाला 1600 युआन, म्हणजे आपले सुमारे 18 हजार रुपये. पुष्कळांसाठी ही रक्कम किरकोळ नव्हती.

याच संध्याकाळी ड्रॉप बॅगा जमा झाल्या. लांबच्या शर्यतीत ही नेहमीची पद्धत. रात्री लागणारे गरम कपडे, जास्तीचे मोजे, बॅटरी एका पिशवीत भरून द्यायचं. आयोजक ती पुढच्या चेकपॉइंटवर नेऊन ठेवतात. इथं ती जागा होती साठ किलोमीटरच्या पुढे. तिथं पोचेपर्यंत संध्याकाळ होणार, थंडी वाजणार ती तेव्हा, हा साधा हिशेब. त्या हिशेबानं अनेकांनी आपलं जाड जॅकेट पिशवीत टाकलं.

सक्तीच्या सामानाच्या यादीत शिट्टी होती, आणीबाणीत अंगाभोवती गुंडाळायचा चंदेरी पातळ कागद होता. वारा अडवणारं जॅकेट मात्र ‘सोबत असल्यास बरं’ अशा रकान्यात होतं. आधीच्या वर्षी धावलेल्यांच्या आठवणीत या वाटेवरचा त्रास होता तो उन्हाचा. गेल्या वर्षीची हवा यंदाही असेल, या भरवशावर यादी बनली.

वाळवंटातल्या जुन्या शर्यतींनी हा धडा केव्हाच घेतला आहे. मोरोक्कोच्या सहारात होणारी अनेक दिवसांची ‘मॅरेथॉन दे साब्ल’ घ्या. 1994 साली तिथं मॉरो प्रोस्पेरी नावाचा इटालियन पोलीस वाळूच्या वादळात भरकटला आणि नऊ-दहा दिवसांनी थेट अल्जीरियाच्या हद्दीत सापडला. मधल्या दिवसांत एका ओसाड दर्ग्यात आसरा घेऊन त्यानं वटवाघळांच्या रक्तावर तहान भागवली. वजन पंधरा किलोंहून अधिक उतरलं, पण तो जगला. त्याला तारणाऱ्या गोष्टींमध्ये त्याच्या पाठीवरची पिशवीही होती. झोपायची पिशवी, चाकू, होकायंत्र, कोरडं अन्न. त्या शर्यतीत ज्यानं त्यानं आपलं सामान आपल्याच पाठीवर न्यायचं असतं, आणि दिवसाला किमान 2000 कॅलरी भरतील एवढं अन्न जवळ असल्याशिवाय उतरू देत नाहीत. जे लागेल ते अंगावर हवं, पुढच्या ठाण्यावर असून भागत नाही. जिंगताईत त्या संध्याकाळी नेमकं उलटं झालं.

शुक्रवार रात्र

शर्यतीला बारा तासांच्या आसपास. तालुक्याच्या हवामान कार्यालयानं जोरदार वाऱ्याचा निळा इशारा दिला. चीनमध्ये इशाऱ्यांचे चार रंग. निळा सगळ्यात सौम्य, मग पिवळा, नारिंगी आणि लाल. निळा म्हणजे सावध राहा. आयोजकांकडे त्याआधी हवामानाचा खास अहवालही पोचला होता.

इशारा पोचला, यावर चौकशीत दुमत नाही. तो वाचून काय केलं, या प्रश्नाचं उत्तर मात्र कोरं आहे. जॅकेट सक्तीचं करता आलं असतं. ड्रॉप बॅगा सकाळी उघडायला देता आल्या असत्या. डोंगराचा टप्पा गाळून खालच्या खालीच शर्यत फिरवता आली असती. तिसऱ्या ठाण्यावर रात्रीतून एक तंबू आणि चार माणसं पायी चढवता आली असती. यातलं काहीही झालं नाही.

शनिवार, 22 मे, सकाळी आठ ते नऊ

अख्ख्या चीनमध्ये घड्याळ एकच, बीजिंगचं. गान्सू पश्चिमेला असल्यानं तिथं नऊ वाजतात तेव्हा सूर्य खरं तर आठचा असतो. त्या वेळी आपल्याकडे सकाळचे साडेसहा.

सुरुवातीच्या जागी वारा सुटला होता. डोक्यावरच्या टोप्या उडत होत्या. बहुतेकांच्या अंगात बिनबाह्यांचे किंवा अर्ध्या बाह्यांचे बनियन आणि अर्ध्या चड्ड्या. कितीही हातपाय झाडले तरी अंग तापत नाही, हे काहींच्या तेव्हाच लक्षात आलं. पण कपडे पिशवीत, आणि पिशवी साठ किलोमीटर पुढे.

सोबत कमी अंतराच्या शर्यतीही होत्या. गर्दी होती, पाहुणे होते, फलक होते. असा मांडव सजलेला असताना ‘आज नको’ म्हणायला कुणाची जीभ रेटेल? नऊ वाजता शर्यत सुटली.

नऊ ते अकरा

पहिले वीस-बावीस किलोमीटर सुसह्य होते. वारा समोरून, पण पाय मोकळे. धावताना स्नायू इतकी उष्णता तयार करतात की थंड हवा उलट बरी वाटते. म्हणूनच हा टप्पा फसवा. धावणारा वेगात असेपर्यंत त्याला आपल्या कपड्यांची उणीव कळत नाही. वेग मंदावला की कळते, आणि वेग मंदावतो तो चढावर.

आघाडीचे धावपटू पुढे पळत होते, म्हणजे त्या आठ किलोमीटरांच्या तुकड्याकडे सगळ्यांत आधी पोचत होते. शर्यतीत जे कौशल्य, तेच त्या दिवशी त्यांच्या मुळावर आलं.

अकरा ते बारा

दुसऱ्या चेकपॉइंटच्या आसपास पाऊस सुरू झाला. शर्यत थांबवायची, निदान तिथून पुढे कुणाला सोडायचं नाही असं ठरवायची ही शेवटची सोयीची जागा होती. गाडी इथवर येत होती. इथं माणसं होती, इथून खाली जाता येत होतं.

तो निर्णय इथल्या स्वयंसेवकांनी घ्यायचा, तर त्यांना तो अधिकार कुणी दिला नव्हता. वर अधिकार असलेल्यांना डोंगरावरची हवा दिसत नव्हती. धावपटू एकेक करून वर निघाले.

बारा ते एक

20 ते 31 किलोमीटरच्या पट्ट्यात हवेनं रूप पालटलं. गारा, गोठणारा पाऊस, आणि माणसाला जागेवर उभं राहू न देणारा वारा. दर 1000 मीटर चढलं की पारा साडेसहा अंशांच्या आसपास उतरतो, हा शाळेतला भूगोल. त्यात ओले कपडे आणि वारा यांची भर पडली, आणि अंगाला जाणवणारी थंडी शून्याच्या खाली गेली.

झांग शियाओताओ आघाडीच्या सहा जणांमधला. त्यानं नंतर लिहिलेली हकिकत अंगावर काटा आणते. पावसाचे थेंब चेहऱ्यावर गोळीसारखे बसत होते, डोळे उघडत नव्हते, वाट दिसत नव्हती. पुढचा एक धावपटू त्याला गाठ पडला, तो थरथरत होता, आवाज कापत होता. दोघं एकमेकांना धरून काही अंतर चालले. वारा आणि निसरडी वाट, हात सुटले. झांग दहापेक्षा अधिक वेळा पडला. त्यानं तो चंदेरी कागद अंगाभोवती गुंडाळला, वाऱ्यानं तो फाडून टाकला.

या कागदाचं काम समजून घ्यायला हवं. तो अंगाची उष्णता परत अंगाकडे फिरवतो, पण वारा आत शिरला नाही तरच. आडोशाला, कोरड्या अंगावर तो उपयोगी. उघड्या धारेवर, भिजलेल्या माणसाच्या हाती, बोटं वाकत नसताना, तो फडफडत फाटतो. सक्तीच्या यादीतली वस्तू सगळ्यांकडे होती. ती तिथं चालणारी नव्हती.

झांगचे हातपाय ताठले. शेवटचं पडल्यावर त्यानं अंगावरच्या जीपीएस यंत्राचं संकटाचं बटण दाबलं आणि त्याची शुद्ध गेली.

एक ते दोन

शरीराच्या आतलं तापमान साधारण 37 अंश. ते 35 च्या खाली गेलं की गारठ्याचा धोका सुरू होतो. आधी हुडहुडी भरते, म्हणजे स्नायू थरथरून उष्णता करू बघतात. त्यासाठी साखर लागते, आणि 25 किलोमीटर धावलेल्या माणसाच्या स्नायूंत ती थोडीच उरलेली असते. मग बोटं ऐकत नाहीत. चेन लावता येत नाही, पिशवी उघडता येत नाही. मग बोलणं अडखळतं, निर्णय चुकतात. 32 अंशांच्या आसपास थरथर थांबते, आणि माणसाला वाटतं की बरं वाटायला लागलं. काहींना तर उकडल्यासारखं होऊन ते अंगावरचे कपडे काढू लागतात. कसलेला धावपटू अंगानं सडपातळ. चरबीचं अस्तर त्याच्याकडे नसतंच. म्हणून देशातले अव्वल गडी सामान्य धावपटूंआधी ढासळले.

मागे असलेल्या काहींनी याच तासात उलटं वळायचं ठरवलं. एकानं लिहिलं आहे की आपल्या हातांना काही जाणवेनासं झालं, तेव्हा त्यानं शर्यत सोडली आणि उतरायला सुरुवात केली. वाटेत एक लाकडी खोपट लागलं. आत दहाएक जण आधीच दाटीनं बसले होते. तासाभरात जवळपास पन्नास जमले. ते सगळे वाचले. अवघं काही किलोमीटर मागे असणं त्यांच्या कामी आलं. मागच्यांना वळायला जागा होती. पुढच्यांना पुढे थंडी होती आणि मागेही थंडीच.

आणि याच डोंगरात झू केमिंग होता. मेंढपाळ, जवळच्या गावचा, पन्नाशीच्या उंबरठ्यावरचा. सकाळी मेंढरं घेऊन आला होता. हवा बिघडली तसा तो डोंगरातल्या आपल्या गुहेत शिरला. अडीअडचणीला लागतील म्हणून तिथं त्यानं कपडे, रजया, खाणं ठेवलेलं असायचं. पायात गोळे आलेला एक धावपटू त्याच्या दृष्टीस पडला. त्याला आत घेतलं, हातपाय चोळले, जाळ केला. मग आणखी आले. बाहेर अजून माणसं पडलीत हे कळल्यावर तो पुन्हा बाहेर पडला आणि बेशुद्ध झांगला उचलून आणलं. ओले कपडे उतरवून त्याला रजईत गुंडाळलं. झांग तोवर अडीचेक तास उघड्यावर होता. झूनं त्या दिवशी सहा जीव वाचवले, तीन पुरुष, तीन बायका. बक्षिसं, सत्कार झाले तेव्हा तो बोलला ते ज्यांना वाचवता आलं नाही त्यांच्याबद्दल.

दिवाळीनंतर नगरकडून मेंढरं घेऊन आमच्या जुन्नर-आंबेगावच्या शिवारात उतरणारे धनगर पाहिलेत? रानात मेंढरं बसवायला आलेल्या प्रत्येकाच्या खांद्यावर घोंगडी असते. उन्हातही असते. लोकर भिजली तरी ऊब धरते, वाऱ्यानं फाटत नाही, वजनाची तक्रार करून कुणी ती घरी ठेवत नाही. डोंगरात रोज राहणारा माणूस हवेवर विश्वास टाकत नाही. गुहेत रजया साठवणारा झू आणि घोंगडी न सोडणारा आपला धनगर यांना हे कुणी प्रशिक्षण शिबिरात शिकवलं नव्हतं.

दुपारी दोन

शर्यत थांबवल्याचं जाहीर झालं. हवा पालटून दोनेक तास झाले होते. यंत्रांवरून संकटाचे संदेश येऊन गेले होते, धावपटूंच्या मोबाइल गटांत मदतीच्या हाका पडून होत्या. थांबवणं आता फक्त खालच्यांच्या उपयोगाचं. वर असलेल्यांसाठी शर्यत केव्हाच संपली होती.

तीन ते मध्यरात्र

अग्निशमन दल, लष्कर, पोलीस, गावकरी, बचाव पथकं. मिळून 1200 हून अधिक माणसं डोंगराला भिडली. उष्णता टिपणारे कॅमेरे लावलेले ड्रोन आणले. पण ज्या वाटेनं चहाचा थर्मास जाऊ शकला नव्हता, त्याच वाटेनं आता स्ट्रेचर न्यायचं होतं. अंधार पडला, थंडी आणखी वाढली, काही ठिकाणी दरडी घसरल्या. डोंगर वाट अडवतो तेव्हा कितीही माणसं असली तरी तास वाया जातात, हे 30 जुलै 2014 ला माळीणची दरड पाहिलेल्या आमच्या आंबेगाव तालुक्याला समजावून सांगायला नको.

रविवार, 23 मे, सकाळी साडेनऊ

शेवटचा बेपत्ता सापडला, निष्प्राण. 151 जण सुखरूप, त्यांतले आठ किरकोळ जखमी. 21 मृत. लियांग जिंग आणि हुआंग ग्वानजुन दोघंही त्यांत. बाइयिनच्या महापौरांनी पत्रकारांसमोर माफी मागितली.

त्यानंतर

2 जून रोजी चीनच्या क्रीडा प्रशासनानं डोंगरी धावणं, वाळवंट ओलांडण्याच्या मोहिमा, अतिलांब पल्ल्याच्या शर्यती सगळ्या स्थगित केल्या. 11 जून रोजी चौकशीचा निष्कर्ष आला : अचानक बिघडलेली हवा, आणि नियमांना धरून नसलेलं आयोजन. 27 अधिकाऱ्यांवर कारवाई, आयोजक कंपनीच्या लोकांना अटक. जिंगताई तालुक्याच्या कम्युनिस्ट पक्षप्रमुखाचा निष्कर्ष जाहीर होण्याच्या दोनच दिवस आधी उंचावरून पडून मृत्यू झाला होता.

अहवालात ‘अचानक’ हा शब्द आहे. हवा अचानक पालटली, खरंच. पण गरम कपडे साठ किलोमीटर पुढे अचानक गेले नाहीत. मदत न पोचणारी वाट अचानक आखली गेली नाही. इशारा तर रात्रीच आला होता. वादळाला तासभर लागला असेल, अपघात मात्र कित्येक दिवस आधीपासून रचला जात होता.

सह्याद्रीत हे घडणार नाही असं मानायचं कारण नाही. घोड नदीच्या खोऱ्यात मंचरला कोरडं ऊन असतं तेव्हा भीमाशंकरच्या माथ्यावर दोन हातांवरचं दिसत नसतं. मॉन्सूनची शर्यत, मान्सून ट्रेल, अशा जाहिराती दर वर्षी वाढत चालल्या आहेत. धुक्यात, पावसात आहुप्याच्या किंवा नाणेघाटाच्या धारेवर घाम जिरून थांबलेला, भिजलेला माणूस जूनमध्येही गारठतो.

तेव्हा आमच्या पोरांनी नाव नोंदवताना मेडलचा फोटो बघण्याआधी आयोजकाला तीन गोष्टी विचाराव्यात. सगळ्यात अवघड टप्प्यावरून बाहेर पडायची वाट कोणती? कोरडा कपडा माझ्या पाठीवर सक्तीचा आहे का, आणि निघताना तुम्ही तो तपासणार का? आणि शर्यत थांबवायचा अधिकार कुणाच्या हाती आहे? तिसऱ्याचं उत्तर एका माणसाच्या नावानं आलं पाहिजे. तो माणूस आदल्या रात्रीच नेमलेला असावा, हवामानाचा इशारा त्याच्या हातात असावा, आणि एकदा त्यानं ‘आज नाही’ म्हटलं की त्याच्यापुढे प्रायोजकाचा, पाहुण्यांचा किंवा आमदारांचा फोन चालू नये. असं नाव सांगता येत नसेल, तर भरलेली फी सोडून द्यावी आणि घरी राहावं.